मिस्सात आरती, यात्रेत भजन. प्रभागाच्या सभेत आपण कुठे?

गोदाकाठ (नाशिकरोड)

आपण नाशिकचे कॅथलिक ख्रिस्ती शहराच्या प्रश्नांत कुठे दिसतो, हा विषय बरेच दिवस मनात आहे. लांबेल थोडं, पण पूर्ण वाचा ही विनंती.

फेब्रुवारीत नाशिकरोडच्या चर्चमध्ये बाळ येशूची यात्रा असते तेव्हा नाशिक-पुणे रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते. मुंबई, वसई, गोव्याकडून गाड्या येतात. एरवीच्या गुरुवारीही रांगेत कपाळाला कुंकू लावलेल्या बाया आपल्या बायांच्या बरोबरीने मेणबत्ती घेऊन उभ्या असतात. सप्टेंबरात ८ तारखेच्या आसपास हरेगावला मतमाउलीसाठी (मारियामातेसाठी) नगर जिल्हा आणि मराठवाडा लोटतो. श्रद्धा आपण कधी लपवलेली नाही. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मराठीत, गाणी पेटी-तबल्यावर, आरतीचं ताट तयार. परकेपणाचा शिक्का पुसायला आपल्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांनी खूप केलं.

पण तीच माणसं सोमवारी कुठे असतात? कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची की नाही यावर आख्खं शहर बोलत होतं. आपल्या किती जणांनी तिथे तोंड उघडलं? वालदेवी नदीत सांडपाणी मिसळतं, सातपूर-अंबडला कंत्राटी कामगारांना वर्षानुवर्षं कायम करत नाहीत, द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला मजूर कुटुंबं उघड्यावर राहतात. यातल्या कुठल्याही प्रश्नावर 'हा आमच्याही श्रद्धेचा विषय आहे' असं आपण म्हणत नाही. आपण रस्त्यावर दिसतो ते चर्चवर, शाळेवर किंवा दफनभूमीवर काही आलं तर.

आपल्या धर्मसभेची (कॅथलिक चर्चची) शिकवण तर उलट सांगते. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या मजुरीवर आणि संघटनेच्या हक्कावर परिपत्रक काढलं. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतलं, तेही त्याच परिपत्रकाचा हवाला देऊन. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने (जगभरच्या बिशपांच्या परिषदेने) ७ डिसेंबर १९६५ रोजी स्वच्छ म्हटलं की आजच्या माणसांचे, विशेषतः गरिबांचे, आनंद आणि दुःखं हीच ख्रिस्ताच्या शिष्यांचीही आनंद आणि दुःखं आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये नदी-जंगलांवर आख्खं परिपत्रक लिहिलं. हे सगळं आपण अभ्यासवर्गात ऐकतो आणि तिथेच ठेवून येतो.

असं का होतं? मला खरंच समजून घ्यायचं आहे.

जेलरोडची_सून

दादा, एक कारण मी सांगते. नाशिकरोडला आपण 'एक समाज' आहोत हे गृहीत धरूनच तुम्ही लिहिलंय. रेल्वे, नोटांचा छापखाना, देवळालीचं लष्कर यांच्या नोकऱ्यांमुळे गोव्याची, मंगळूरची, केरळची कुटुंबं इथे आली. नगर-संगमनेरकडची मराठी कुटुंबं वेगळ्या वाटेने आली. सकाळची इंग्रजी मिस्सा आणि त्यानंतरची मराठी मिस्सा यांत बसणारी माणसं एकमेकांना नावाने ओळखत नाहीत. इंग्रजीवाल्यांना कलेक्टर कचेरीत बोलता येतं, पण वस्तीतला प्रश्न माहीत नसतो. मराठीवाल्यांना प्रश्न रोज भोगावा लागतो, पण त्यांना पॅरिश कौन्सिलमध्ये (चर्चच्या स्थानिक समितीत) खुर्च्या लावायचं काम मिळतं. मी लग्न होऊन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आले, म्हणून दोन्ही पाहिलंय. आधी हे जुळू दे, मग प्रभागाच्या सभेचं बघू.

मास्तरांचा_नातू (राहुरी, सध्या सिडको)

सूनबाईंनी लिहिलं ते खरं आहे. मी संस्कृतीच्या बाजूने बोलतो, कारण गोदाकाठ यांनी आरती-भजन एका वाक्यात संपवलं आणि माझ्या मते गाठ तिथेच आहे.

माझे आजोबा कॅटेकिस्ट, म्हणजे गावात धर्मशिक्षण देणारे. आमच्याकडे त्यांना मास्तरच म्हणत. केंदळ, वळण, राहाता, संगमनेर या पट्ट्यात जर्मन आणि स्विस फादर घोड्यावरून फिरत, पण गावात मुक्काम मास्तरांचा असे. मुलांना अक्षरओळख, संध्याकाळी जपमाळ, आणि तलाठ्याकडे द्यायचा अर्जही तेच लिहीत. तुम्ही ज्याला सार्वजनिक जीवन म्हणता ते त्या ओट्यावर होतं. १९०३ साली फादर डोरिंग यांनी 'निरोप्या' मासिक सुरू केलं, ते आजही निघतं. आमच्या घरात बायबलच्या शेजारी त्याचे जुने अंक बांधून ठेवलेले असत. जात्यावर येशूच्या ओव्या होत्या, एकतारीवर भजनं होती. हे कुणी वरून दिलेलं नव्हतं. बाया रोज जे गात त्यातच येशू आला.

१९६९ मध्ये रोमने भारतासाठी मिस्साच्या विधीत बारा बदल मंजूर केले. पंचांग प्रणाम, जोडलेले हात, समई, आरती, झग्याऐवजी अंगवस्त्र. हेतू चांगला होता आणि मी आजही आरतीला हात जोडतो. पण एक गोष्ट तेव्हाच्या विद्वानांच्या नजरेतून सुटली. 'भारतीय' म्हणून जे निवडलं गेलं त्यातलं बरंचसं वरच्या जातींच्या देवघरातलं होतं. आमचे पूर्वज महार आणि मांग. ज्या देवळाची पायरी त्यांना चढता येत नव्हती तिथलीच समई आणि संस्कृत मंत्र त्यांच्या चर्चमध्ये 'तुमची संस्कृती' म्हणून आले. डफ, हलगी, संबळ, पोवाडा मात्र वेदीपाशी यायला लाजले. अरे, हलगी ही आमच्या घरची!

आणि हे नाशिक आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथेच सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा याच जिल्ह्यात, येवल्यात केली. या मातीत 'संस्कृती' म्हटलं की 'कुणाची?' हा प्रश्न लागूनच येतो. तो प्रश्न चर्चमध्ये मोकळेपणाने विचारता येत नाही, तोवर आपली माणसं बाहेर जाऊन कशी बोलतील?

वसईचा_पाहुणा

मास्तरांच्या नातवाला सलाम. एक भर घालतो. मराठीतलं ख्रिस्ती लेखन १९६९ च्या फार आधीचं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी (जेझुइट धर्मगुरू) १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या, त्याही रोमन लिपीत, कारण तिथे देवनागरीचे खिळे नव्हते. त्याने पुराणाचा साचा घेतला, कारण ऐकणारे पुराण ऐकत मोठे झालेले होते.

आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक चालवलं आणि हरित वसईच्या चळवळीत उतरले. विहिरी आटत होत्या, वाड्या जात होत्या, बिल्डर आणि गुंड एकत्र होते, आणि हा धर्मगुरू व्यासपीठावर उभा राहिला. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काहींनी धर्मावरून विरोध केला. त्यांनी भूमिका सोडली नाही. जुलै २०२४ मध्ये ते गेले तेव्हा अंत्ययात्रेला सगळ्या समाजाची माणसं होती. श्रद्धा, मराठी आणि पाणी या तीन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या काढल्या नाहीत. नाशिकला हे का जमू नये?

मास्तरांचा_नातू

@पाहुणा, कारण तुमच्याकडे जमीन आहे. वसईचा कॅथलिक वाडीचा मालक आहे, गावात संख्येने आहे, चारशे वर्षं एका जागी आहे. आमचा माणूस दुसऱ्याच्या शेतावर राबणारा, मग साखर कारखान्यावर, मग नाशिकच्या चाळीत. फादर दिब्रिटो यांच्याबद्दल आदर आहेच. पण त्यांच्या मागे उभं राहणाऱ्यांच्या पायाखाली स्वतःची जमीन होती.

शांत_पाणी

मी वेगळं मत मांडतो, रागावू नका. आपण मूठभर आहोत. प्रार्थनासभेला पाहुणे जमले तरी 'धर्मांतर चाललंय' म्हणून कुणीतरी येऊन व्हिडिओ काढतं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात घरच्या जपमाळेला पोलीस आले, चौकशी करून गेले, पुढे काही झालं नाही. पण त्या घरात आता जपमाळ हळू आवाजात होते. अशा काळात फादरांनी प्रवचनात झाडं-नद्या-कामगार आणले की उद्या 'चर्च राजकारण करतं' अशी बातमी होईल. शाळा, दवाखाने, अनाथालयं चालवणं हीही सार्वजनिक सेवाच आहे. ती शांतपणे करू द्या. भीती म्हणा हवं तर, पण लेकरांना सुखरूप ठेवणं हेही कर्तव्य आहे.

गोदाकाठ

@शांत_पाणी, रागावण्यासारखं काही नाही. तुम्ही लिहिलेली भीती खरी आहे आणि त्या घराबद्दल वाचून वाईट वाटलं.

फक्त दोन गोष्टी. मी फादरांनी बोलावं असं म्हटलंच नाही. चर्चच्या कॅनन कायद्यात कलम २८५ नुसार धर्मगुरूला सत्तेचं पद घेता येत नाही, आणि २८७ नुसार पक्षात सक्रिय भाग घेता येत नाही. हे बंधन मला योग्य वाटतं. नगरसेवक, आमदार, युनियनचे पुढारी, पत्रकार, वकील हे काम प्रापंचिकांचं, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांचं आहे. व्हॅटिकन महासभेने ते आपल्याच गळ्यात घातलंय. आपण मात्र सगळं फादरांवर सोपवून मोकळे होतो आणि मग 'चर्च गप्प का' म्हणून विचारतो. चर्च म्हणजे आपणच की!

दुसरं, शाळा-दवाखान्यांबद्दल. ती सेवा मोठी आहे, माझं स्वतःचं शिक्षण त्यातूनच झालं. पण आपल्या शाळांतून शिकलेले किती जण मोठ्या पदांवर आहेत आणि त्यातल्या कितीजणांना शाळेच्या मागच्या वस्तीत नळाला पाणी येतं की नाही हे माहीत आहे? सेवा करणारा देतो आणि वस्ती घेते, एवढ्यावर हे नातं थांबलं तर वस्तीतल्या माणसाला स्वतःचा आवाज कधी मिळणार?

शरणपूर_रोड

मी कॅथलिक नाही, प्रोटेस्टंट, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. तरी लिहिते, कारण आमच्या शरणपूरचा इतिहास तुमच्या विषयाशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली की सुटका झालेली आफ्रिकी मुलं मुंबईत आणत, त्यातली बरीच शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, इथे सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात होता आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत लिव्हिंगस्टनची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत होता. नाशिकच्या ख्रिस्ती वस्तीचं नातं सुरुवातीच्या काळातच गुलामगिरीसारख्या जागतिक प्रश्नाशी जुळलं. आज शरणपूर रोडवरून हजारो गाड्या जातात, नावामागची ही गोष्ट किती जणांना माहीत आहे?

नाव_नको

इथे पहिल्यांदाच लिहितोय. आयडीसुद्धा आजच घेतला.

तुम्ही सगळे विचारताय की आमची माणसं बोलत का नाहीत. मी सांगतो. माझ्या दाखल्यावर जे लिहिलंय ते आणि मी रविवारी जिथे असतो ते, यांत मेळ नाही. आजोबांचा बाप्तिस्मा झालेला, आईवडिलांचं लग्न चर्चमध्ये झालेलं, माझाही बाप्तिस्मा झालाय. शाळेत नाव घालताना वडिलांनी जात लिहिली आणि धर्म हिंदू लिहिला. त्यांनी लबाडी म्हणून हे केलं नाही. गावात आमच्याकडे बघण्याची नजर आजोबांच्या बाप्तिस्म्यानंतर बदलली नव्हती. राहायची जागा तीच, काम तेच, हाका मारायची पद्धत तीच.

कायदा काय म्हणतो ते बहुतेकांना अर्धवट माहीत असतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा लाभ फक्त हिंदूंना ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात, पण त्यात विधानसभा-लोकसभेसाठी राखीव मतदारसंघ नाही आणि अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही नाही. २००७ मध्ये न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली, ती तशीच पडून राहिली. २००४ पासून सुप्रीम कोर्टात याचिका आहेत. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुदुच्चेरीच्या एका बाईच्या खटल्यात सांगितलं की चर्चला नियमित जाऊन नोकरीसाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. तो निकाल वाचल्यावर आमच्या घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही.

आता सांगा, मी प्रभागाच्या सभेत उठून 'एक कॅथलिक म्हणून मला वाटतं' असं म्हणू? उद्या कुणी माझ्या जातपडताळणीवर अर्ज टाकला तर नोकरी जाईल. म्हणून मी यात्रेच्या गर्दीत असतो, तिथे कुणी नाव विचारत नाही.

आणि चर्चकडूनही एक मागणं आहे. भारतातल्या बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ च्या धोरणात मान्य केलं की अस्पृश्यता चर्चच्या आतही आहे. २०२२ मध्ये हैदराबादचे अँथनी पूला कार्डिनल झाले, दलितांतले पहिले. मला त्या दिवशी फार आनंद झाला. पण आमच्याकडे सोयरीक जुळवताना अजून 'आधीचे कोण?' हे विचारलंच जातं. बाहेरच्या अन्यायावर बोलायचं तर हेही बोलावं लागेल.

जेलरोडची_सून

भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. कुणी कृपया यांना ओळखायचा प्रयत्न करू नका.

मास्तरांचा_नातू

+१. गोदाकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

प्रवरा_पाणलोट

मी संगमनेर-अकोले तालुक्यांत पाणलोटाच्या कामात होतो, म्हणून फादर हर्मन बाखर यांची आठवण काढतो. स्वित्झर्लंडचे येशूसंघी, कामाची बरीच वर्षं नगर जिल्ह्यात गेली. १९७२ चा दुष्काळ त्यांनी इथेच पाहिला. पुढे १९८९ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा केला. २०२१ मध्ये ते गेले.

त्यांच्या कामाची पद्धत या धाग्याला लागू पडते. गावाला पैसा आधी नाही. आधी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, आणि सगळ्या वाड्या-वस्त्यांची माणसं असलेली ग्राम पाणलोट समिती. समितीत भूमिहीन पाहिजेत, बाया पाहिजेत. डोंगराच्या माथ्यापासून काम सुरू करायचं आणि खाली यायचं, कारण पाणी वरून येतं आणि माथ्यावर गरिबाची जमीन असते. या नियमांमुळे गावात पहिल्यांदा पाटील आणि मांगवाड्यातला माणूस एका सतरंजीवर बसून हिशोब तपासू लागले. ग्रामसभेत कसं बोलायचं हे पुष्कळांना तिथेच कळलं. फादरांनी कुणाला धर्म विचारला नाही, कुणाला आपला सांगितला नाही, पण रोज सकाळी मिस्सा केल्याशिवाय ते बाहेर पडत नसत हे सगळ्या गावाला माहीत होतं.

तेव्हा नाव_नको भाऊंना सांगणं एवढंच, की 'कॅथलिक म्हणून' हे शब्द उच्चारणं ही पहिली पायरी असलीच पाहिजे असं नाही.

पंचवटीकर

मी हिंदू, काळारामाच्या मागच्या गल्लीतला. आईबरोबर लहानपणापासून बाळ येशूला येतो. धागा सगळा वाचला. एकच विचारायचंय, मनात आहे तेच विचारतो. आम्ही येतो तेव्हा तुमच्या मनात 'हे एक दिवस ख्रिस्ती होतील' असं असतं का?

गोदाकाठ

सरळ विचारलंत, बरं वाटलं. माझ्या मनात नसतं. माझ्या श्रद्धेबद्दल कुणी विचारलं तर मी आनंदाने सांगतो, ती माझ्या दृष्टीने जगातली सगळ्यात चांगली बातमी आहे आणि ती लपवणं मला जमणार नाही. पण १९६५ च्या महासभेने दोन गोष्टी एकदमच सांगितल्या आहेत. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते धर्मसभा नाकारत नाही. आणि श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती करता येत नाही, राज्यानेही नाही आणि आम्हीही नाही. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे असं सांगितलं. त्या निकालावर आमच्यात मतभेद आहेत, कारण माणसाने स्वतः विचार करून धर्म बदलला तर त्याचा हक्क कुठे जातो हा प्रश्न तिथे उरतो. येवल्याची घोषणा झालेल्या जिल्ह्यात तरी तो प्रश्न हलक्यात घेता येणार नाही. आमिषाने किंवा धाकाने केलेला बाप्तिस्मा मात्र आमच्याच शिकवणीत बसत नाही. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

पंचवटीकर

सांगतो. आणि वालदेवीचं काही करणार असाल तर मला कळवा, गोदेसाठी आमचा एक गट आहे, पाण्याचे नमुने कुठे तपासून घ्यायचे ते आम्हाला माहीत आहे.

शांत_पाणी

पंचवटीकरांसारखी माणसं बरोबर असतील तर माझी हरकत निम्मी कमी होते. चर्चच्या आवारात सभा नको, एवढंच सुचवतो.

नाव_नको

मी वालदेवीच्या काठीच राहतो. पावसाळ्यात पाणी घरात येतं, उन्हाळ्यात वास. सभा वस्तीत असेल तर येईन. बोलेनही. फक्त माझी ओळख करून देताना धर्मग्रामाचं (पॅरिशचं) नाव घेऊ नका.

गोदाकाठ

नाही घेणार. सभा वस्तीतल्या समाजमंदिरात ठेवू, रविवार सोडून, म्हणजे दोन्ही मिस्सांची माणसं आणि बाकीचेही येऊ शकतील. महापालिकेला द्यायचा अर्ज रहिवाशांच्या नावाने, साध्या कागदावर. चर्चचं लेटरहेड वापरायचं नाही. @जेलरोडची_सून, इंग्रजी मिस्सातले ते निवृत्त इंजिनिअर काका तुमच्या ओळखीचे आहेत ना, सांडपाण्याच्या लाइनचा नकाशा वाचायला ते लागतील, त्यांना आणा. @मास्तरांचा_नातू, अर्जाचा मसुदा तुम्ही लिहा, आणि हलगीवाले तुमच्या ओळखीचे असतील तर वस्तीत दवंडीला त्यांनाच बोलवा. आरक्षणाचा प्रश्न वेगळ्या धाग्यात घेऊ, तो इथे उरकण्यासारखा नाही. तिथे वकील मंडळींनी लिहावं, पण तिथेही कुणी कुणाचं गाव-नाव विचारायचं नाही हा नियम पहिल्या प्रतिसादातच टाकतो.